पंधरावा क्लब

६ ऑक्टोबर १९७५, सोमवार
अमेरिकेत, जॉर्जिया. मोटेलच्या नळाला गढूळ पाणी. डार्लीन म्हणते, "मर्लीनबाईंसाठी कॅनडाहून बर्फ मागवू का वितळवून?" चार वर्षं एकच खोली, एकच गाडी — हिची जीभ काही थकत नाही.

गोल्फच्या मोसमातली शेवटची स्पर्धा. शुक्रवारी दुसऱ्या फेरीनंतर साठ जणी राहतील, बाकीच्या घरी. त्या साठांत आले तर टूरचं कार्ड, म्हणजे पुढच्या वर्षी खेळायचा परवाना, टिकेल. नाहीतर परत पात्रता-स्पर्धा, आणि ती मी तिसऱ्यांदा खेळणार नाही. एकतीस वर्षांची झाले. बाबांना कळवलंय — कार्ड गेलं तर दुकानात तुमच्याशेजारी उभी राहीन.

७ ऑक्टोबर
सराव, नेहमीसारखा समोरासमोर. ती उजवी, मी डावी — आरशात बघून खेळल्यासारखं.
"खांदा उचलतेयस."
"तूसुद्धा."
ही सोय दुसऱ्या कुणाला नाही. टूरवर डावी मी एकटीच.

एका पत्रकाराने विचारलं, जन्मापासून डावखुऱ्या का? लिहिते-जेवते उजव्यानेच. आमच्या कॅनडातल्या सस्कॅचेवानात आधी हॉकीची काठी हातात येते. ती ज्या बाजूने धरली, त्याच बाजूने पुढे गोल्फ. त्याला काही पटलं नाही.

८ ऑक्टोबर
मला लहानपणी गोल्फ शिकवणाऱ्या ओगिल्व्ही सरांचं पार्सल! वेज — जवळून चेंडू उंच उचलायचा क्लब, गोल्फची काठी. डाव्या बाजूचा, आणि माझ्या मापाचा! असा दुकानात मिळत नाही. पुरुषांचा घेऊन कापला, घासला, तोही सत्तरीच्या हातांनी. चिठ्ठीत एवढंच, "जुना फेकून दे." रडू आलं. डार्लीनने डोळे पुसायला स्वतःचा मोजा दिला.

९ ऑक्टोबर, गुरुवार
त्र्याहत्तर फटक्यांत आटोपलं. मस्त. आम्ही दोघी एकाच गटात. पहिल्या टीवर, सुरुवातीच्या जागी, एकमेकींचे क्लब मोजले, रोजच्यासारखे. चौदाच्या वर एक निघाला की दंड. "चौदा गं बाई, सूट," डार्लीन म्हणाली.

खेळले जुन्याच वेजने. संध्याकाळी दोन्ही घेऊन सराव केला. नवा झकास! उद्या तोच.

डार्लीनचे पंच्याहत्तर, दोन जास्त. अर्धं ताट टाकून उठली. तिचंही कार्ड टांगणीला आहे, मी विसरतेच.

१० ऑक्टोबर
तिसऱ्या होलवर वेज काढायला पिशवीत हात घातला. हाताला दोन लागले. जुना काढायचा राहिला होता.

कुणी पाहिलं नव्हतं. आधी मनात आलं ते लपवायचंच — इथे लिहायला कसली लाज? पण डावा क्लब, लपवून लपवणार कुठे, आणि दुसऱ्या कुणाचा म्हणून सांगणार? पंचांना बोलावलं. "खात्री आहे?" म्हणाले. म्हटलं, पंधरापर्यंत मोजता येतं मला. दोन होल खेळून झाले होते, होलमागे दोन, असे चार फटके दंड. डार्लीन खाली बुटांकडे बघत होती. माझ्यापेक्षा तिलाच जास्त लागलं.

एका फटक्याने बाहेर. साठावी आली डार्लीन. मी धावत जाऊन मिठी मारली. खरंच आनंद झाला.

चूक माझीच. सकाळी मी तिचे मोजले, तिने माझे मोजल्याचं आठवत नाही. घाई असेल.

११ ऑक्टोबर
बाबांना फोन. "बर्फ पडायच्या आत ये, दुकानाच्या दाराचं रंगकाम राहिलंय." एवढंच बोलले. फार बरं वाटलं. ओगिल्व्ही सरांना काय लिहू ते सुचत नाही.

१२ ऑक्टोबर
प्रेक्षकांत, दोरीबाहेर उभी राहून डार्लीनसाठी ओरडले. एकोणिसावी आली. कार्ड तर शुक्रवारीच टिकलं होतं.

१३ ऑक्टोबर
घरी आज थँक्सगिव्हिंगचा सण. इथल्यांचा नोव्हेंबरात. डार्लीन मला नॅशव्हिलला विमानतळावर सोडणार होती. तासाभराने तिने गाडी बाजूला घेतली.
"शुक्रवारी मी मोजले होते, मर्लीन."
"किती?"
"पंधरा."

राग इतका आला की तिला बाजूच्या सीटवर बसवून स्टिअरिंग मीच हातात घेतलं. पुढे पाच तासांचा रस्ता होता.