लोकांकडच्या बाजूचे ठिपके

१६ मार्च, रवि. (लातूर)
अक्का बनवतेय त्या माझ्या बेस गिटारला आज पॉलिशचा पहिला हात. शिवणीचं लाकूड एवढं पिवळंधमक निघेल असं वाटलं नव्हतं. अक्का कापसाचा बोळा लाखेच्या पॉलिशमध्ये बुडवते आणि गोल गोल फिरवत राहते, मध्ये थांबत नाही. फोन वाजला की उचलायचा मी. "अक्का कामात आहेत" सांगून सांगून तोंड दुखलं. रविवारी तिचं फर्निचरचं दुकान बंद, म्हणून तो दिवस माझा. दुकान आधी भाऊजींचं होतं. आता पाटीवर तिचं नाव आहे आणि भाऊजी उधारी वसूल करत फिरतात. सगळे सुखी.

मोठी बहीण म्हणून कौतुक करत नाही. पण हात बघावा तर हिचा.

१९ मार्च, बुध. (नांदेड)
शाळा. नववीचे पेपर तसेच पडलेत. संध्याकाळी गायन पार्टीच्या तालमीला गेलो आणि नुसता बसून आलो. माझा बेस सध्या शिरीष किबोर्डवर वाजवतो. वाईट वाजवत नाही, हेच वाईट.
मिलिंद (गाणारा तो, पार्टीही त्याचीच) म्हणाला, "सर, भीमजयंतीपर्यंत बघू. तुमचं जमलं तर लई चांगलं. न्हाई तर किबोर्डवर भागतंय."
भागतंय!
दिवाळीआधी सोयाबीनच्या मळणीयंत्रात डाव्या हाताची दोन बोटं अर्धी गेली, तेव्हाही एवढं लागलं नव्हतं. हे खोटं आहे. तेव्हा फार लागलं होतं.

२३ मार्च, रवि. (लातूर)
डाव्या हातानं तारा दाबणं संपलं. आता उजव्यानं दाबायच्या, डाव्यानं छेडायच्या. म्हणजे बेसच उलटा हवा. नांदेडच्या दुकानदारानं "डावऱ्या हाताचा" म्हटल्यावर हात जोडले होते. अक्काला सांगितलं तर म्हणाली होती, "त्यात काय? दरवाजे न्हाईत का डाव्या हाताचे, उजव्या हाताचे? बिजागरी कुठल्या अंगाला, एवढंच तर बघायचं." माझा जुना बेस ठेवून घेतला आणि लागली कामाला.

आज अंगठा टेकवायची पट्टी बसवायची होती. माझा डावा हात ओढला आणि टेप लावला. अर्धी बोटंसुद्धा मोजली. लोक त्या हाताकडे बघत नाहीत, बघितलंच तर लगेच डोळे वळवतात. वर्गातली पोरंसुद्धा. अक्कानं खिडकीचं माप घ्यावं तसं घेतलं, फळीवर पेन्सिलनं लिहिलं आणि हात सोडून दिला. मला इतकं बरं वाटलं की उगाच बाहेर जाऊन उभा राहिलो.

बेसच्या मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी कॅरमच्या स्ट्रायकरची केली. भाऊजी दुपारभर स्ट्रायकर शोधत होते.

३० मार्च, रवि. (लातूर)
तारा चढल्या!! जाड तार छेडली तर शेजारच्या नव्या कपाटाच्या काचा थरथरल्या. कपाट गिऱ्हाइकाचं. भाऊजी धावत आले, काचांसाठी. काय आवाज आहे. पोटात जाऊन बसतो. आणि मान! अंगठा पाठीवरून सरकवला, वरपासून खालपर्यंत कुठे अडला नाही.

मग पट्टा गळ्यात घालून खाली बघितलं तर मानेच्या कडेला ठिपके नाहीत. सुराचं कुठलं घर कुठे आहे ते वाजवणाऱ्याला त्या ठिपक्यांवरूनच कळतं. वाकून बघितलं. सगळे ठिपके खालच्या कडेला, लोकांकडे तोंड करून. जुन्या बेसवरून तिनं सगळं उलटं केलं, ठिपके तेवढे होते त्याच अंगाला मारले.
"अक्का, बिजागरी चुकीच्या अंगाला लागली की!"
मी हसलो ते जरा जास्तच झालं. तिनं विणायच्या पांढऱ्या सुईचे तुकडे केले, वरच्या कडेला भोकं पाडून बसवले, घासले, पॉलिश केलं. तोवर माझ्याकडे बघितलं नाही.
"खालचे बुजवते आता."
"राहू दे की. कोण बघतंय?"
"गिऱ्हाइकाला असा दरवाजा दिला असता का मी?"
बसची वेळ झाली, म्हणून वाचलो.

३ एप्रिल, गुरु. (नांदेड)
उजवा हात मठ्ठ आहे. इतकी वर्षं नुसतं छेडायचं काम केलं, आता दाबायला सांगितलं तर दुसऱ्याची दाढी करत असल्यासारखा घाबरतो. डावा बिचारा पट्टीवर अंगठा टेकवून शहाण्यासारखा वाजवतो. पट्टी बरोबर तिथेच आहे जिथे अंगठा जाऊन पडतो. बोटांची टोकं लाल. कितीतरी दिवसांनी बोटं या कारणानं दुखली, आनंद झाला.

पेपर अजून तसेच.

१० एप्रिल, गुरु.
तालीम. बेस बघून सगळे गोळा झाले. ढोलकीवाल्यानं पॉलिशवर हात फिरवला आणि बेस परत पुसून ठेवला. शिरीष म्हणाला, "असला हात असलेला माणूस लातुरात हाय?" म्हटलं, बाई आहे, माझी बहीण आहे. छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.

मग वाजवलं. दोन गाणी बरी. तिसऱ्यात अंतऱ्यावर घसरलो. मिलिंद म्हणाला, "भागंल." सोमवारी जयंतीला पहिलं गाणं हेच, त्यात बेस माझा. नीट गेलं तर पुढची सगळी माझी. न्हाई तर शिरीष हायेच. आणि मग कायमचाच शिरीष, हे त्यानं म्हटलं नाही. मला कळलं.

१३ एप्रिल, रवि. (लातूर)
तारा जरा उंच वाटतात, म्हणून बेस घेऊन गेलो. बोलता बोलता मिलिंदचं सांगितलं.
"काय म्हणला? भागंल?"
हा शब्द तिच्या दुकानात भाऊजीसुद्धा काढत नाहीत. कानस घेतली, स्ट्रायकरच्या खाचा नखभर खोल केल्या, तारा खाली आल्या. मग स्टूल ओढून समोर बसली. "वाजव."
वाजवलं.
"परत."
अक्काला गाण्यातलं शष्प कळत नाही. रेडिओसुद्धा बातम्यांपुरता. तरी चौथ्या वेळी म्हणाली, "अंतऱ्याला तिसऱ्या ठिपक्यावर जायचं असतंय न्हवं? तिथं तुझं बोट उशिरा पडतंय."
तिला कसं कळलं? मग लक्षात आलं. खालच्या कडेचे ठिपके. तिला समोरून बोट दिसत होतं, कुठे जायला हवं आणि कुठे राहिलं ते. मी तिथं जायला लवकर निघालो आणि गाणं सरळ गेलं. एकदा. नंतर परत घसरलो.
निघताना म्हटलं, "बुजवायचे का खालचे?"
"आता कशाला? उद्या मी येते ऐकायला. दुकान बंद ठेवते."
इतक्या वर्षांत कधी आली नव्हती. कायम कुणाचं तरी कपाट असायचं.

१४ एप्रिल, सो. (नांदेड)
स्टेजच्या मागे लिहितोय. अभिवादन झालं, भाषणं संपत आली. शिरीषचा किबोर्ड माझ्या जागेला लागूनच लावलाय, चालू करून. मिलिंदला म्हटलं, बंद कर. "राहू द्या सर." त्याच्या जागी मीही बंद केला नसता.

पडद्याच्या फटीतून दिसतंय. अक्का पुढच्याच रांगेत, पांढरी साडी, नाकावर कामाचा चष्मा. शेजारी भाऊजी पेंगताहेत. मी दिसलो तशी तिनं हात वर केला. मला वाटलं जयभीम करतेय. तीन बोटं दाखवत होती.
तिसरा ठिपका. हो अक्का. लवकर निघतो.