चपटा पडदा, जुनी शिट्टी

७ एप्रिल २००७, अकोला

सतरा इंची चपट्या मॉनिटरची खरी किंमत: बिलावर आहे ती. वर अमरावतीची एस.टी., जाऊन-येऊन. वर एक दिवस दुकान बंद. येताना मॉनिटरला खिडकीची जागा दिली, मी मूर्तिजापूरपर्यंत उभा. वर सौ.चा अबोला. तो अजून चालू आहे, म्हणजे हिशेब अपुरा.

पण घेणं भाग होतं. लाइट गेली की इन्व्हर्टरवर जुने सहा डबा-मॉनिटर एक गेम पुरा होऊ देत नाहीत. पोरं ऐन रंगात अंधारात. आपल्या जठारपेठेतच दुसरं गेम पार्लर निघालं, तिकडे चालली. चपटा पडदा वीज कमी खातो. हा जमला तर आणखी पाच. नाही जमला तर शटर.

दुकानदाराने दोन लावून दाखवले. म्हटलं, क्रिकेट लावा. एकावर चेंडूमागे शेपूट. दुसऱ्यावर चेंडू म्हणजे चेंडू. दुसरा घेतला. निघताना तो आपल्या माणसाशी कुजबुजला, "पांढरी काढून ठेव, खोक्यात निळी हाये." ऐकलं. समजलं नाही.

८ एप्रिल

लावला. चित्र पुसट, अक्षरांना सावली. बार्शीटाकळीचा बंटी, आपलं पक्कं गिऱ्हाईक, लगेच उठला. "काका, चष्मा काढून खेळल्यासारखं वाटून राहिलं." कापसाचे चुकारे अडकल्यापासून तसाही अर्धाच तास खेळतो. तोही गेला.

रफिक म्हणे, "फसवलं तुले."

रफिक भागीदार आहे, परतवाड्याच्या पहिल्या दुकानापासूनचा. त्याला असं म्हणायचा हक्क आहे.

९ एप्रिल

आंघोळ करताना उलगडलं. पांढरी, निळी म्हणजे वायरी! दुकानात पडदा पांढऱ्या टोकाच्या डीव्हीआयवर दाखवला, खोक्यात दिली निळी व्हीजीए, जुन्या डब्यांची. निळीतून चित्राचा दोनदा तर्जुमा होतो, जाताना एक, पडद्यात शिरताना दुसरा. पांढरीतून सरळ.

आपल्या कॉम्प्युटरमधल्या गेमच्या कार्डाला पांढरं सॉकेट आहेच. धूळ खातं. आमच्या धंद्यात ज्या भोकाला वायर नाही ते भोकच नाही.

वायर अकोल्यात मिळेना. मीनलला फोन केला, हॉस्टेलवरून सुटीत येताना घेऊन ये. "बाबा, कपडे आणू का वायरी?" पोरगी आईवर गेली.

११ एप्रिल

रफिकने सौदा आणला. इथलाच एक व्यापारी पाच चपटे देतो, दर बरा, पण बदल्यात जुनं सगळं पाहिजे. सहा डबे आणि मागच्या खोलीतला ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीसुद्धा.

म्हटलं, टीव्ही नाही.

"अबे, काहून सांभाळून राहिला त्या मढ्याले?"

"जिवंत आहे तो."

"चालत असन तर ठेव, मी बोलत नाई. मेला असन तर टेम्पोत."

कबूल.

परतवाड्याचं दुकान त्या टीव्हीवर उभं राहिलं. स्टँडजवळ टपरी, एक टीव्ही, एक कॅसेट घालायचा गेम. मेळघाटची जीप भरेपर्यंत सवाऱ्या खेळायच्या. मग ड्रायव्हरच बसायचा आणि सवाऱ्या जीपमध्ये ताटकळायच्या. मी समोर चहाला गेलो की पोरं आवाज बंद करून फुकटात चालू करत. चहाच्या ठेल्यावरून ओरडायचो, "बंद कर बे!" पोरांना वाटे, मला मंत्र येतो. मंत्र कसला, टीव्हीची बारीक शिट्टी. चित्र आलं की ती असतेच. आजही रस्त्याने जाताना सांगतो, कोणत्या घरात टीव्ही चालू आहे ते. हा कान विकत मिळत नाही. रफिकलाही सांगितलं. तो विडी शोधत होता.

१४ एप्रिल

सकाळी टीव्ही तपासला. खोक्यांमागे आहे, तोंड भिंतीकडे, हलवायला जागा नाही. पिन घातली, आवाज शून्यावर ठेवला, बटण दाबलं, शिट्टीसाठी पाठीला कान लावला. काही नाही. लाइट होती, पंखा फिरत होता. थांबलो. तरी नाही.

रफिकला सांगितलं, गेला. त्याने खांद्यावर हात ठेवला. टेम्पो उद्या.

दुपारी मीनल आली. पांढरी वायर लावली. चित्र काय वर्णावं! बंटीला निरोप धाडला, तो आला, दोन तास हलला नाही. आणखी पाच घ्यायचे, ठरलं.

मीनल पाणी प्यायला मागे गेली ती कानावर हात ठेवूनच बाहेर आली.

"बाबा, काय लावून ठेवलं अंदर? कान फाटून राहिले माये."

"काहीच नाही."

"अशी शिट्टी वाजते अन् काहीच नाई?"

खोकी ओढली. भिंतीवर उजेड हलत होता. पडदाभर मुंग्या, परतवाड्याला अँटिना हलला की यायच्या तशा.

रफिकला अजून बोललो नाही.

टीव्ही सकाळपासून चालू होता.