सूचनावहीतलं ते पान

बाई, आज सकाळी चहा घेता घेता पेपरात कोर्टाची एक बातमी वाचली. आता लोक फोनवर एकमेकांबद्दल वाट्टेल ते लिहितात, तुम्ही हे पाहिलं नाही तेच बरं. त्याचा जाब ते छापून देणाऱ्या कंपनीला विचारायचा का, यावर वकिलांची जुंपली आहे, आणि सगळं येऊन अडलंय एकाच प्रश्नावर: असं लिहिलंय हे कंपनीला माहीत होतं का? मी कप खाली ठेवला. म्हटलं, अगं बाई, हा तर आपलाच खटला!

तुम्ही ग्रंथपाल होतात तेव्हा आपल्या वाचनालयात दाराजवळच्या टेबलाला सुतळीने बांधलेली सूचनावही असायची. नावाला पुस्तकांबद्दलच्या सूचना. पण आणीबाणी उठून वर्षच झालं होतं, लोकांच्या पोटात साठलेलं सगळं त्या वहीत उतरत होतं. नळाला पाणी नाही, रेशनची साखर ओली, रहस्यकथेचं शेवटचं पान कोण्या गाढवानं फाडलं. तुम्ही कुलूप काढलं की आधी वही उघडायचात. ओळीवर बोट ठेवून वाचायचात, आणि प्रत्येक मजकुराखाली लिहायचात 'वाचले', मग सही. मी नवीनच लागले होते. म्हटलं, "बाई, इतकं काहून वाचता? सह्या करून टाका ना." तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. "काहून म्हणजे? माणूस उन्हातान्हाचा येऊन लिहून जाते वं. कोणी तरी वाचलं, एवढं तरी त्याले कळू दे." मी मनात म्हटलं, बाईंना दुसरं काम नाही.

मग ते पान आलं. चौकातल्या तेलाच्या व्यापाऱ्याचं नाव घालून कोणीतरी लिहिलं होतं की हा तेलात भेसळ करतो. लिहिणाऱ्याचं नाव नाही, खाली तुमचं 'वाचले' मात्र ठसठशीत. चौथ्या दिवशी शेठ स्वतः आले, घामाघूम. "पान फाडा," म्हणाले. तुम्ही त्यांना खुर्ची दिलीत, माठातलं पाणी दिलंत. "मी कोणाचंच पान फाडत नाही, शेठजी. तुमचं म्हणणं खाली लिहा. तेही मी वाचीन." भेसळ खरी का खोटी देव जाणे, पण शाळेतल्या पोरी त्यांच्या मुलीला चिडवायला लागल्या होत्या, त्या माणसाला लागलं असणारच. त्यांनी काही लिहिलं नाही. सरळ अब्रूनुकसानीची फिर्याद ठोकली, आणि लिहिणारा सापडेना म्हणून ती तुमच्यावर.

तुमच्या वकीलसाहेबांनी स्पष्टच सांगितलं. बाईंनी वाचून तसंच ठेवलं असेल तर त्या अडकल्या; न वाचता सही केली असेल तर सुटतील. शिक्षा झाली तर नोकरी जाणार, आणि घरी तुमची आई अंथरुणाला खिळलेली. "वाचलं नाही म्हणायले काय जाते तुमचं?" वकील कळवळून म्हणाले. तुम्ही एकच धरून बसलात, "वाचलं तर वाचलं." अशी हट्टी बाई मी जन्मात पाहिली नाही! शेवटी वकिलांनी तुम्हाला साक्षीला बोलावलंच नाही, मला उभं केलं.

मी शपथ घेतली आणि म्हणाले, "बाई शनिवारी आठवड्याच्या सह्या एकदम करतात. वाचत नाहीत." मागच्या बाकावर वाचनालयातले नेहमीचे चौघे वाचक बसले होते, त्यातला एक हसला. तुम्ही सुटलात. शेठच्या अब्रूसाठी खटला उभा राहिला, आणि भर कोर्टात अब्रू घालवली मी, तीही तुमची. बाहेर पायऱ्यांवर मी विचारलं, पेढे आणू का? इतकी बावळट! तुम्ही म्हणालात, "सोडवलं खरं तू मले. पण वीस वर्षं वाचलं मी, अन् तू सांगून राहिली का मी वाचत नाही? आता कोण लिहीन वं त्या वहीत?" आणि सायकलरिक्षात बसून निघून गेलात.

खरंच कोणी लिहिलं नाही. तुम्ही रोज सकाळी वही उघडून कोरं पान पाहत होतात, आणि मी कपाटाआडून तुम्हाला. एकदा पुस्तकांवर नंबर टाकता टाकता तुम्ही म्हणालात, "त्या चौघांले तरी सांग वं, का मी वाचत होती." एवढंच मागितलंत. मी हो म्हटलं. पण खोट्या साक्षीसाठी मलाच धरतील अशी धास्ती होती, आणि माझं लग्न ठरलं होतं. उद्या सांगू, परवा सांगू, करता करता तुम्ही निवृत्त झालात, आणि काही वर्षांनी एका उन्हाळ्यात गेलात. तुमच्या तेरवीला ते चौघे आले होते. पंगतीत एक जण म्हणाला, "बाई मोठ्या भल्या, पण कामात ढिल्या." मी त्याच्याच पानात भाजी वाढत होते. वाढली, आणि पुढच्या पानाकडे गेले.

बाई, कोर्टातल्या खोट्याची मला लाज नाही. तुमची नोकरी जात असेल तर उद्याही तेच सांगीन. लाज वाटते ती त्या पंगतीची. तिथे ना वकील होता ना शपथ, माझं लग्न होऊन पोरं मोठी झाली होती, तरी तोंड उघडलं नाही. आज बातमी वाचून कागद घेऊन बसले ते खरं तर पेपरवाल्यांना लिहायला, नाव घालून, की आमच्या बाई एक-एक ओळ वाचायच्या. त्या चौघांतले दोघे अजून आहेत, पेपर वाचतात. पण हात वळला तुमच्याकडे, कारण तुम्हाला लिहिलं तर पोस्टाच्या पेटीत टाकावं लागत नाही.