शिडाचं कापड

॥ श्री एकवीरा प्रसन्न ॥
परळ, मुंबई
२४ ऑक्टोबर १९८२

ती. गुणवंतीताईस,
दमयंतीचा शि. सा. न. वि. वि.

हे आणि मी थेरोंड्याहून धडपणी पोचलो, हे आधी सांगते, कारण तू पत्र शेवटाकडून वाचतेस. होडी शिवडीच्या बंदरात बांधली आहे. लेक तुळसा शेजारच्या राधाबाईंकडे इतकी रमली होती की आम्हाला बघून तिने तोंडच वाकडं केलं.

ताई, खूप थकले आहे. संप मिटेल, मिटेल म्हणता पावसाळा सरला आणि हे घरात भिंतीकडे तोंड करून बसू लागले. म्हणून आपल्या धोंडूदादाने मासेमारीला अर्ध्या वाट्याने होडी देऊ केली तेव्हा मला उपाशी पोटी घास मिळाल्यासारखं झालं. बाईमाणसाने होडीत कशाला चढायचं, अशी कुरकुर त्याने केलीच. पण यांच्या जोडीला दुसरा माणूस आणणार कुठून? तू माझी बाजू घेतलीस म्हणून निघता आलं.

अलिबाग मागे पडेपर्यंत समुद्र गप्प होता. हे सारखे शिडाकडे बघून हसत होते. कापड त्यांनीच गिरणीत साच्यावर विणलेलं, संपाआधी गिरणीच्या दुकानातून घेऊन ठेवलेलं, आणि शिवलंही त्यांनीच. म्हणाले, साहेबांनी गिरणीला टाळं लावलं, वाऱ्याला कुठे लावलंय! किती महिन्यांनी त्यांना असं बोलताना ऐकलं.

खांदेरीचं बेट ओलांडलं आणि डोंगराकडून काळं चढून आलं. बघता बघता होडी एका अंगावर पडली आणि पाणी आत यायला लागलं. शीड उतरवायला मी गेले तर दोर वर कप्पीत अडकलेला. हे सुकाणूला लोंबकळून होते, ते सोडलं असतं तर उलटलोच असतो. शीड उतरव म्हणून मला ओरडत होते. ओढून ओढून माझे तळहात सोलले. शेवटी मासे कापायची सुरी घेतली आणि शिडात खुपसली. हात पोचला तेवढं मी फाडलं, उरलेलं वाऱ्याने. होडी सरळ झाली.

आपल्या घरात शिडाला पातं लावत नाहीत, हे तुला सांगायला नको. बाबा ठिगळ लावताना दोरासुद्धा दाताने तोडायचे. ज्याने पातं लावलं त्याच्या घराला पुन्हा होडी द्यायची नाही, हे दादा अजून पाळतो. त्याला कळलं तर होडी गेली, आणि होडी गेली तर आम्ही खायचं काय? शीड गावच्या लवूच्या होडीतून तिकडे पाठवलं आहे, कारण नवं शिवणं यांना जमलं तरी फाटलेलं सांधणारा दादाशिवाय कोण आहे? तूच काहीतरी सांभाळून घे. हे त्या दिवसापासून माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत.

माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
दमयंती

थेरोंडा
२ नोव्हेंबर १९८२

चि. दमयंतीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

सुटलीस बाई! लहानपणी डबक्यात पाय घालायला रडायचीस आणि आता वादळात सुरी चालवतेस. हाताला खोबरेल लाव.

आता नीट वाच. लवूने शीड अंगणात उलगडलं तसा दादाचा चेहरा फिरला. कडेवरून बोट फिरवत म्हणाला, हे फाटलेलं नाही, इथे पातं लागलंय. तेवढ्यात तुझ्या यजमानांचं पत्र आलं. दादाने ते सगळ्यांदेखत मोठ्याने वाचलं. त्यांनी लिहिलं होतं की कापडच कच्चं निघालं, सूत हलकं होतं, खळ जास्त होती, त्यात माझी विणणी वाईट, म्हणून ते उभ्या धाग्यात सरळ चिरत गेलं. दोष सगळा माझा, दुसऱ्या कोणाचा नाही, असंही लिहिलं होतं.

अंगणात हशा पिकला. दादा म्हणाला, जन्मभर साचे चालवले आणि शिडापुरतं कापड विणता आलं नाही, बरं झालं गिरणी बंद पडली! बोलायला नको होतं, पण बोलला. होडी मात्र तुमच्याकडेच राहील असंही म्हणाला. तेव्हा तू गप्प राहा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

सुखी राहा, आणि जरा झोपत जा.
तुझी,
ताई

परळ, मुंबई
९ नोव्हेंबर १९८२

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. यांनी असं काही लिहिलं, हे मला ठाऊकच नव्हतं. विचारलं तेव्हा कूस बदलून म्हणाले की वादळात केलंस ते बरोबरच केलंस, माझं डोकंच चाललं नाही. आणि कापडाला नावं ठेवली तर काय झालं, आता ते कोणाला विकायचं आहे?

ताई, याच माणसाने विणलेल्या कापडाच्या थानात एकदा जॉबरने, खात्यातल्या मुकादमाने, खोट काढली होती. खोट नव्हतीच. हे खात्यात उभं राहून भांडले, खाडा पडून दिवसाचा पगार गेला तरी चालेल म्हणाले, आणि जॉबरला शब्द मागे घ्यायला लावला. घर नाही, शेत नाही, गिरणीही जाईल असं दिसतंय. वाईट विणकर नव्हते, एवढंच त्यांच्यापाशी राहिलं होतं. तेही त्यांनी माझ्यासाठी देऊन टाकलं, आणि आपल्या अंगणात लोक हसले. मला नाही गं सोसत.

पोटाचं बघ म्हणशील. कॉटन ग्रीनला गोदामात बायका धान्य निवडायला लागतात, तिथे बोलून आले आहे. मिळेल ते करू. थकलेच आहे, आणखी थोडी थकेन.

दादाला सांग, कापड पक्कं होतं. इतकं पक्कं होतं की वाऱ्याने फाटेना, म्हणून मला सुरी घ्यावी लागली. होडी शिवडीला आहे, त्याने केव्हाही येऊन न्यावी. आणि हे पत्र त्याच्या हातात नुसतं देऊ नकोस. यांचं वाचलं तसंच, त्याच अंगणात, सगळ्यांदेखत मोठ्याने वाच.

रागावलीस तरी लिहीत राहा.
तुझी,
दमयंती