बाबांची आई परकी ठरली

प्रिय सॉ नू,

यांगूनला निघालेल्या शेजारणीच्या हाती हे देते आहे. अजून सावरले नाही, अक्षर वाकडं आलं तर चालवून घे.

माझ्या सासऱ्यांची, बाबांची, उमेदवारी बाद झाली, हे तुझ्यापर्यंत पोचलं असेल. कारण काय, तर बाबा जन्मले तेव्हा त्यांचे आईवडील या देशाचे नागरिक नव्हते. मागच्या निवडणुकीत याच बुथिडाँगमधून निवडून येऊन बाबा संसदेत बसले, तेव्हा आईवडील दुसरे होते का? आम्हा रोहिंग्यांचा पक्ष तो केवढा, औषधाच्या दुकानावरची एक खोली. तरी उभे राहिलेले सगळेच्या सगळे याच कारणानं बाहेर. मी ऐकत होते आणि मला ते शब्द कळतच नव्हते.

बाबा म्हणाले, साक्षीदार आणतो. अधिकारी म्हणाला, आणा, पण तुमच्यातला नको. आता तुमच्या रखाइन बौद्धांतला कुठला माणूस आम्हा मुसलमानांसाठी कचेरीची पायरी चढणार? बाबांनी कुणाला विचारलंही नाही. आणि सुनावणीला तुझे वडील, आपले थाइनकाका, आले. कडक इस्त्रीची लुंगी, शाळेच्या समारंभाला घालायचे तो कोट. येऊन बाबांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. अधिकाऱ्यानं विचारलं, मास्तर, तुम्हाला कुणी पाठवलं? थाइनकाका म्हणाले, पाठवायला मी काय टपाल आहे? मग शांतपणे म्हणाले, मी जन्मलो तेव्हा माझी आई तापानं फणफणली होती. ह्याच्या आईनं मला अंगावर पाजलं. ह्याच गावात, नदीकडच्या आळीत. ती परकी असेल तर मी कोण, तेवढं लिहून द्या.

सॉ नू, मला हे माहीत नव्हतं. तुला होतं का? बाबांनी मान खाली घातली होती. बाहेर तुमच्याच आळीतली माणसं उभी होती, त्यांनी सगळं ऐकलं.  अधिकारी म्हणाला, दुधाची नोंद कुठे असते, मास्तर? आणि निकाल तोच ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून चहावाला काकांपुढे पेला ठेवीना. भाजीवाली त्यांना बघून टोपली झाकते. त्यांच्या दारावर कुणी डांबरानं घाण शब्द लिहिला, तो बाबांनी आणि मी रॉकेलनं पुसला. तुझ्या भावानं काकांना सांगितलं, तुम्ही तुमचं वेगळं शिजवा. आता ते सकाळीच आमच्या पक्षाच्या खोलीत येतात. उमेदवार नाही, प्रचार नाही, तरी बाबा खोली उघडतात. मी भात आणि माशाचं कालवण नेते. काका बाबांना म्हणतात, तुझी सून तिखट घालते, हिलाच उभं करायला हवं होतं. 

तुझ्या भावानं तुला काय सांगितलं, ते मला ठाऊक नाही. विचारणारही नाही. काल काकांनी माझ्याकडून तुझा नंबर लावून घेतला. रिंग वाजत राहिली आणि थांबली. मी जवळच होते, मला ऐकू आलं. काका मात्र फोन कानाला लावून बोलतच राहिले: हो, जेवलो, इथे सगळं ठीक आहे, तू पोरांना सांभाळ. फोन मला परत देताना म्हणाले, घाईत होती बिचारी. मी बाबांकडे बघितलं, त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं होतं. म्हणून हे लिहिलं. उद्या सकाळी ते पुन्हा नंबर लावायला सांगतील, परवाही सांगतील. उचल गं.

तुझीच,
सेनुआरा