बायोप्सीचा मुहूर्त

पंचवटी, नाशिक

तीर्थस्वरूप जयरामदादा यांस वेणीमाधवाचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यापासून पाचच अंगे जमिनीला टेकतात, उरलेली तीन मनाने टेकवली असे समजावे.) चांदवडला सर्व खुशाल असाल, वहिनींचा गुडघा वाकू लागला असेल आणि आपण गोठ्यामागे जाऊन ओढता ती सिगारेट अजून त्यांच्या ‘लक्षात आलेली नाही’, असे धरून चालतो. इकडचे क्षेम विचाराल, तर ते डॉक्टरांनी राखून ठेवले आहे. पत्राचे नवल वाटेल. पण आमच्या घरी फोन स्पीकरवर असतो आणि व्हॉट्सअ‍ॅप आपल्या भगिनीने, सुधाने, वाचून झाल्यावर मला मिळते. म्हणून हा कागद तुमच्याकडून कांदा घेऊन आलेल्या भिकाच्या परतीच्या टेम्पोतून येत आहे.

झाले असे की, दिवाळीपासूनचा माझा खोकला मंत्रांमध्ये स्वतःची पदे घालू लागला होता. गंगापूर रोडला आठव्या मजल्यावर वास्तुशांत होती. यजमानांनी एसी लावून खिडक्या बंद केलेल्या, आत होम पेटलेला (अग्नी आणि एसी यांना एकाच खोलीत आवाहन करणारी ही पहिलीच पिढी). ‘स्वाहा’ म्हणताना जो ठसका लागला तो थांबेना. शेवटी यजमानांनी मलाच हाताला धरून दवाखान्यात नेले. आधी एक्स-रे, मग सीटी. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला डाग आहे. सुपारीएवढा. (जन्मभर जिला गणपती म्हणून पुजले तिचीच उपमा सुचावी, याचे वाईट वाटले.)

डॉक्टर आमच्या लेकीच्या, स्वरदाच्या वयाच्या. सिगारेट ओढता का, विचारले. कधीच नाही, म्हटले. मग त्यांनी कॅन्सरची कारणे सांगायला घेतली: बिडी-सिगारेट सर्वांत वर, मग दुसऱ्याने ओढलेल्याचा धूर (इथे आपली आठवण झाली, राग नाही), बंद जागेतला लाकडाचा धूर, हवेतली घाण, अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ, जमिनीतून येणारा रेडॉन नावाचा वायू, घराण्यात कुणाला झालेला असणे. आणि यांतले काहीच नसतानाही होऊ शकतो, असे शेवटी म्हणाल्या. एवढे ऐकल्यावर मला न झालेल्या माणसांचेच नवल वाटू लागले.

प्रकार मुख्यतः दोन. एक लहान पेशींचा. तो बहुधा ओढणाऱ्यांना होतो आणि फार वेगाने पसरतो. दुसरा ‘लहान पेशींचा नसलेला’. ब्रह्माचे वर्णन आपल्याकडे ‘हे नव्हे, हे नव्हे’ असे करतात. वैद्यकशास्त्रही त्याच पायरीवर आलेले पाहून बरे वाटायला हवे होते. वाटले नाही. न ओढणाऱ्यांना झाला तर बहुधा हा दुसरा. किंवा डाग जुन्या क्षयाचा व्रणही असू शकतो. दादा, क्षयच निघावा म्हणून मी रोज कपालेश्वराला अभिषेक करतो आहे.

नक्की काय ते सुईने तुकडा काढून तपासल्याशिवाय कळत नाही. तारीख मिळाली सोमवारची. घरी येऊन पंचांग पाहिले, तर भद्रा. पुढे ढकलली, तर गुरुवारी वैधृती. त्यापुढच्या खेपेस अमावस्या. मग काउंटरवरच्या मालनबाई फोनवर म्हणाल्या, “गुरुजी, माझ्या पोरीच्या लग्नाला तुम्हीच म्हणला होता ना, मन शुद्ध असलं की सगळा दिवस चांगला?”

मी म्हटले, “बाई, तेव्हा हॉलची एकच तारीख शिल्लक होती.”

“आमच्याकडं पण आता बुधवार एकच शिल्लक हाय.”

चांगल्या दिवसात खोट काढणे किती सोपे असते, ते या धंद्यात मलाच ठाऊक. खरे असे की, सुई आत जाईपर्यंत तो नुसता डाग आहे. बाहेर आली की त्याला नाव मिळेल. शेकडो बारशी केली, पण नावाला इतका कधी भ्यालो नव्हतो.

बाकी सर्व ठीक. वहिनींना नमस्कार.

आपला,
वेणीमाधव

ता. क. बुधवारी सकाळी गाडी घेऊन यावे. मी दारात उभा राहून तिथीविषयी बोलू लागलो, तर ऐकून घेऊ नये; सरळ गाडीत घालावे. सिगारेट चांदवडलाच ठेवावी. (कायमची ठेवलीत, तर मी तो शुभशकुन मानीन.)

आणखी एक. सुधाला काही सांगितलेले नाही. ती अडुळशाचा काढा देते. जन्मभर तिच्या काढ्यांना नावे ठेवली, हल्ली मुकाट्याने पितो, त्यामुळे ती माझ्याकडे फार बघते. माझ्याने तिला सांगवत नाही. तेव्हा बुधवारचे राहू द्या, मंगळवारीच या. तुम्ही बोला. मी शेजारी बसेन.