मूळ प्रमाणपत्राची मुदत

२ जून, मंगळवार

अकरा दिवस उरले. शनिवारी, १३ तारखेला सकाळी दहाला मूळ डिजिटल प्रमाणपत्र संपतंय!

अठरा रक्तपेढ्यांच्या नोंदी आमच्या कंपनीच्या हडपसरच्या डेटाबेसवर. रक्तपेढीतल्या संगणकाला कसं कळतं, समोरचा सर्व्हर खरा की खोटा? सर्व्हरच्या प्रमाणपत्रावर मधल्या प्रमाणपत्राची सही, मधल्यावर मुळाची. मुळाची प्रत संगणकाकडे – म्हणून विश्वास. मूळ संपलं की साखळीच निकामी. पिशवी फ्रीजमध्ये असून सापडणार नाही.

त्याचीच मुदत वाढवायला त्याची जुनी गुप्त किल्ली लागते. तिचा पासवर्ड फक्त दिगंबर सरांकडे. ते गेल्या वर्षी निवृत्त झाले, फोन उचलत नाहीत.

४ जून

धायरीला सरांकडे गेले. पक्षाघात झालाय – मला पत्ताच नव्हता. माझ्याकडे बघून नुसते हसले. काकू म्हणाल्या, "अगं, त्यांना माझं नाव आठवत नाही. तुझा पासवर्ड कुठून आठवणार?"

चहा घेतला, निघाले.

५ जून

मॅनेजर सलिलला म्हटलं, नव्या किल्लीने नवं मूळ बनवू, प्रत्येक रक्तपेढीत जाऊन बसवू. नको म्हणाला. आपण किल्ली गमावली हे त्यांना कळेल, करार जाईल. त्यापेक्षा त्यांना पत्र पाठव – प्रमाणपत्राची तपासणीच बंद करा, नेहमीचा बदल आहे. सही तुझी.

तपासणी बंद म्हणजे कुठलाही खोटा सर्व्हर आमच्या नावाने उत्तर देणार. चुकीचा रक्तगटसुद्धा.

९ जून

सही केली नाही. सलिल शांतपणे म्हणाला, "मग शनिवारी बंद पडलं तर जबाबदार तू. तसा मेल टाकलाय."

राजीनामा द्यावा तर तीन महिने नोटीस. रक्तपेढ्यांना परस्पर कळवावं तर नोकरी गेलीच. कुठूनही बघितलं तरी मीच. अवधूत विचारतो, जेवत का नाहीस? नवऱ्याला काय सांगू – साखळी तुटतेय?

११ जून

अठराही रक्तपेढ्यांचे नंबर वहीत उतरवून ठेवले.

१३ जून, सकाळ

साडेनऊलाच कसबा पेठेतल्या रक्तपेढीत जाऊन बसले. बंद पडलं तर निदान हाताने शोधायला मदत होईल. काउंटरवर ऋतुजा नावाची मुलगी. दहा वाजले. दहा वाजून पाच. एका बाईंना ओ निगेटिव्ह हवं होतं. ऋतुजाने नेहमीसारखं शोधलं, पिशवी काढून दिली.

काहीच अडलं नाही.

१३ जून, दुपार

तिच्या संगणकाची सेटिंग उघडून पाहिली. प्रमाणपत्राची तपासणी बंद. चार वर्षांपूर्वी आमचा प्रोग्राम बसवला त्या दिवसापासून – म्हणून काही अडलं नाही, आणि खोटा सर्व्हरही अडला नसता. प्रोग्राम बसवणारा आमचा इन्स्टॉलरच तसा – अठराही ठिकाणी तोच.

अठराही रक्तपेढ्यांना खरं काय ते कळवलं. सलिलला अजून सांगायचंय.